गॅरेटचं रिपेअर बुक

सकाळी साडेसातला राजानंद जिना उतरून खाली येई, तेव्हा जेवणाच्या टेबलावर वही उघडी पडलेली असे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमधून आणलेली साधी वही. तिच्यात बाबांच्या तिरप्या, ठसठशीत अक्षरात आदल्या दिवसाचे दोष लिहिलेले असत.

‘१. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. २. हीटर खडखडतो. ३. चहात पाणी जास्त. ४. अवनी जेवताना फोन बघते, तिला कोणी बोलत नाही. ५. इंजिन : पुढचा पिव्हट घट्ट.’ त्याखाली तारीख आणि सही. व्ही. के. तायडे, ड्रायव्हर.

ड्रायव्हरी सुटून शेहेचाळीस वर्षं झाली होती, पण सहीतली सुटली नव्हती. वासुदेव तायडे वयाच्या एकविसाव्या वर्षी भुसावळहून मुंबईला आणि तिथून बोटीने मोंबासाला गेले, पूर्व आफ्रिकेच्या रेल्वेत आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर झाले. तिकडे रिवाज असा की ड्यूटी संपवून आलेल्या ड्रायव्हरने आधी शेडमधल्या रिपेअर बुकात इंजिनाचे दोष लिहायचे आणि मगच हातपाय धुवायचे. फिटरने दुरुस्ती केली की समोर ‘केलं’ असं लिहून सही करायची. बाबा परत आले ते हा रिवाज ट्रंकेत घालूनच. गॅरेट इंजिनं आफ्रिकेत राहिली, मग बुकात लिहायला उरलं कोण? घर, बायको आणि मुलगा. राजानंदला आठवीत गणितात अठ्ठ्याऐंशी मार्क पडले तेव्हा बाबांनी लिहिलं होतं, ‘गणित : बारा टक्के गळती.’ हॉलंडमध्ये आइंडहोवनला नोकरी लागल्यावर त्याने कंपनीच्या दारातला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘टाय वाकडा.’

सत्तेचाळीस वर्षांत राजानंदला एकही कोरं पान मिळालं नव्हतं. माणसाला काय हवं असतं हे तो धडपणे सांगत नाही, पण राजानंदला ते एक कोरं पान हवं होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. समताला न सांगताच कळत होतं, तो भाग वेगळा.

बाबा आले होते तीन महिन्यांसाठी, जानेवारी दोन हजार वीसमध्ये. परतीचं तिकीट मार्चअखेरचं. कारण चौदा एप्रिलला भुसावळच्या विहारावर झेंडा बाबा चढवत, आणि पंच्याहत्तर सालापासून एकही चौदा एप्रिल त्यांनी चुकवला नव्हता. मार्चमध्ये विमानं बंद झाली. मेमध्ये सुरू होणार होती, झाली नाहीत. जुलैमध्ये खास विमान निघालं, तर आदल्या दिवशी बाबांना खोकला. हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन केला, तर तिने नेहमीप्रमाणे पॅरासिटामोल सांगितलं आणि घरात बसायला सांगितलं. खोकला दोन दिवसांत गेला, विमानही गेलं. मग व्हिसा वाढवण्याची पत्रं, पत्रांना उत्तर म्हणून आलेली पत्रं, आणि दर काही आठवड्यांनी टीव्हीवर पंतप्रधान येऊन सांगणार की आता काय काय बंद. केशकर्तनालयं बंद झाली तेव्हा बाबांनी त्याचीही नोंद केली : ‘राजाचे केस कानावर आले.’

घर म्हणजे ओळीतलं एक चिंचोळं घर. खाली टेबलावर राजानंदचं ऑफिस, वर एका खोलीत समताचं, दुसऱ्या खोलीत मुलीची, अवनीची, ऑनलाइन शाळा. मधल्या जिन्यावरून बाबा. वर, खाली, वर, खाली. सिंह पिंजऱ्यात घातला तर निदान तो दोष तरी काढत नाही.

‘‘राज, त्यांना काहीतरी काम दे,’’ समता एप्रिलातच म्हणाली होती. ‘‘नाहीतर मला दे. दुसऱ्या घराची चावी.’’

काम सुचलं ते बाबांच्या पाकिटातल्या फोटोवरून. काळापांढरा, कोपरे झिजलेला. फोटोत पस्तिशीतले बाबा, शेजारी त्यांचा फायरमन ओतिएनो, आणि दोघांच्या मागे फोटोत न मावलेलं इंजिन.

गॅरेट म्हणजे काही साधंसुधं इंजिन नव्हे. त्यात इंजिनं दोन, एक पुढे, एक मागे. पुढच्याच्या पाठीवर पाण्याची टाकी, मागच्याच्या पाठीवर तेल, आणि या दोघांच्या मधे, भोयांनी डोली उचलावी तसा, प्रचंड बॉयलर टांगलेला. अडीचशे टनांचं धूड, पण दोन्हीकडे पिव्हट, म्हणजे फिरते सांधे, असल्याने वळणावर असं वाकायचं की बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं. मोंबासाच्या समुद्रकाठापासून नैरोबीपर्यंत साडेपाच हजार फूट चढ, मागे बाराशे टन माल, आणि रूळ मात्र अरुंद, मीटरगेजचे. त्या वर्गातल्या इंजिनांना तिकडच्या डोंगरांची नावं होती. बाबा आपल्या इंजिनाचं नाव घेत नसत. ‘आमची’ म्हणत.

‘‘बाबा, आपण आमची बनवू या,’’ राजानंद म्हणाला. ‘‘खऱ्या वाफेवर चालणारी. दीड मीटर लांब होईल. मागच्या बागेत रूळ टाकू.’’

बाबांनी फोटो परत पाकिटात ठेवला. ‘‘तुला जमेल?’’

हा प्रश्न राजानंदच्या जिव्हारी लागला. तो ज्या कारखान्यात होता तिथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग तयार होत. केसाच्या जाडीचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढी चूकसुद्धा तिथे चालत नसे. लोक पांढरे अंगरखे घालून श्वाससुद्धा जपून घेत. आणि हे विचारतात, जमेल?

तर असं ते सुरू झालं. मागच्या शेडमधून सायकली बाहेर गेल्या आणि एक जुना लेथ आत आला. समताच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावरून रूळ गेले. राजानंद सकाळी पावणेआठ ते साडेनऊ काम करी, मग मीटिंगा. बाबा दहा ते एक. आफ्रिकेत लांबच्या गाडीला मागे एक झोपायचा डबा असे, ड्रायव्हर-फायरमनच्या दोन जोड्या असत. एक जोडी इंजिनावर, दुसरी डब्यात. पाळी बदलताना बुक हातात द्यायचं. इथेही तसंच. सकाळची पाळी सुरू करताना राजानंद वही वाचायचा आणि त्याचं डोकं फिरायचं.

कारण ऑगस्टपासून एक दोष दररोज यायचा. ‘पिव्हट घट्ट.’

‘‘घट्ट नाहीये, बाबा. परफेक्ट आहे,’’ राजानंद सांगे. ‘‘पाच मायक्रॉनमध्ये बसवलाय. अख्ख्या हॉलंडमध्ये कोणाच्या मॉडेलला असा पिव्हट नसेल.’’

‘‘नसंलच. कोण कशाला करंल असा? जरा प्ले ठेव, राजा.’’ प्ले म्हणजे ढिलाई. ‘‘रूळ काही आरसा नसतो. इंजिनाला डुलता आलं पाहिजे.’’

‘‘ते जुनं झालं. तेव्हा तुमच्याकडे मशिनं नव्हती म्हणून ढिलं ठेवायचे.’’

दुसऱ्या दिवशी वहीत, ‘पिव्हट घट्ट.’ राजानंद समोर लिहायचा, ‘तपासलं. ठीक आहे.’ त्यावर बाबा लाल पेन्सिलीने बारीकशी फुली मारायचे. असं ते शीतयुद्ध शंभरएक पानं चाललं.

बाकीच्या गोष्टीही कमी छळत नव्हत्या. तांब्याची नळी इंग्लंडहून निघाली ती कस्टममध्ये अडकली. दाबमापक आला तो फुटका. परत पाठवला, तर दुसरा आला तोही फुटका, आणि सोबत ‘आपण समाधानी आहात का’ असं विचारणारं पत्र. बॉयलरला नियमाप्रमाणे तपासनिसाचा दाखला हवा. तपासनीस म्हणजे मॉडेलवाल्यांच्या क्लबातले हेंक, वय एकोणऐंशी. ते म्हणाले, मी मार्चपासून कोणाला भेटलेलो नाही आणि तुमच्या बॉयलरसाठी मरण्याची माझी इच्छा नाही. डच माणूस मनातलं पोटात ठेवत नाही.

डिसेंबरात राजानंद टेकीला आला. ‘‘बाबा, वाफ राहू दे. कॉम्प्रेसर लावतो, हवेवर चालवून बघू. चाकं तशीच फिरतात.’’

‘‘हवेवर चालतं ते खेळणं,’’ बाबा म्हणाले आणि जिना चढून गेले.

जानेवारीत नियम आला, घरी दिवसाला एकच पाहुणा. रात्री नऊनंतर संचारबंदी. त्याच आठवड्यात श्रीहर्षचा फोन आला. श्रीहर्ष हा ऑफिसातला मित्र. त्याची सासू, नंदाताई, सव्वीस मार्चच्या विमानाने मुंबईला जाणार होती. त्याच विमानात एक जागा होती. राजानंदने फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, ‘‘घे.’’ विचार करतो नाही, बघू नाही. घे. चौदा एप्रिल गाठता येणार होता.

‘‘तिकडे आकडे परत वाढताहेत, बाबा. अजून लस झालेली नाही तुमची.’’

‘‘इथं तरी झालीय का? मागच्या वर्षी झेंडा राहिला. यंदा राहणार नाही.’’

म्हणजे आता हातात उरले नऊ आठवडे. इंजिन रुळांवर चाललं पाहिजे, आणि बाबांनी ते पाहिलं पाहिजे, आणि पाहून त्या वहीत काहीही लिहिता कामा नये. राजानंद पेटला. त्याने हेंकना रोज फोन लावला. शेवटी त्या घरातला दिवसाचा एकमेव पाहुणा म्हणून हेंक फेब्रुवारीत आले, मागच्या दाराने, बर्फातून, तोंडावर दोन मास्क लावून. बागेत सगळ्यांपासून दीड मीटरवर उभं राहून त्यांनी बॉयलरला पाण्याचा दाब देऊन पाहिला. अर्धा तास काटा हलला नाही. हेंकनी कागदावर सही केली, इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि पिव्हटजवळ वाकले.

‘‘सुंदर काम,’’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘‘पण फार घट्ट.’’

राजानंदने बाबांकडे पाहिलं नाही. बाबा हसले असते तरी परवडलं असतं. ते हसलेही नाहीत.

पुढच्या रविवारी पहिली वाफ धरली. काटा चढला, राजानंदने वाफ सोडायचा रेग्युलेटर उघडला, आणि दोन्ही इंजिनं एकदम हलली. सरळ रुळावर गाडी अशी निघाली की समताने वरच्या खिडकीतून टाळ्या वाजवल्या. वाफ्याजवळ पहिलं वळण आलं. थंडीने तिथली जमीन जराशी खचली होती, एक रूळ दोन मिलिमीटर खाली होता. खऱ्या गॅरेटने अंग जरा कलतं केलं असतं आणि ती पुढे गेली असती. या गॅरेटला कलताच येईना. पुढचं चाक हवेत उचललं गेलं, आणि वर्षभराचं काम आडवं होऊन गवतात पडलं. गरम पाणी मेथीच्या वाफ्यात सांडलं.

राजानंदने ते उचलून पुन्हा रुळावर ठेवलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्याने रूळ नीट सपाट केले, पट्टी लावून मोजले. तेव्हा ते दुसऱ्या वळणावर पडलं.

वहीत त्या दिवशी एकच दोष होता. तो काय होता हे सांगायला नको.

तरी राजानंद ऐकेना. आता मात्र हा प्रश्न पिव्हटचा राहिला नव्हता. त्याने ठरवलं की दोष रुळांचा आहे. पुढचे तीन आठवडे हा गृहस्थ बागेतली जमीन मिलिमीटरमध्ये सपाट करत बसला. हॉलंडच्या वाळूमिश्रित चिखलात, मार्चच्या पावसात! आज सपाट करावी, उद्या पाऊस येऊन ती हवी तशी बसावी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याच्या नखांतली माती कॅमेऱ्यात दिसे.

त्याच दिवसांत एका दुपारी, आपली पाळी संपता संपता, बाबा शेडच्या उंबऱ्यावर बसून बोलले. न विचारता बोलणं हे त्यांच्यात नव्हतं.

‘‘चौऱ्याहत्तर साली आपल्या लोकांच्या नोकऱ्या तिथल्या लोकांकडं गेल्या. बरोबरच होतं, देश त्यांचा. माझी शेवटची पाळी मोंबासाहून नैरोबी. ओतिएनो ड्रायव्हर होणार होता. एका डब्यातलं पाणी प्यायचो रे आम्ही. आपल्या गावात मला विहिरीवर जाऊ देत नव्हते तेव्हा, आणि तिथं हा माझ्या हातातला मग घ्यायचा, मी त्याच्या. शेडमध्ये आलो, बुक उघडलं, तारीख घातली, सही केली. ओतिएनो म्हणाला, दोष लिही ना. मी म्हटलं, नाही लिहीत.’’

‘‘का? इंजिन ठीक होतं?’’

‘‘ठीक कुठलं! दोन ठिकाणी गळत होतं. पण ज्या गाडीवर परत चढायचं नाही, तिचे दोष काढून काय करायचं? दोष आपल्या गाडीचेच काढतो माणूस.’’ बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ‘‘चल, तुझी मीटिंग असंल.’’

मीटिंग होतीच. राजानंदने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. त्याच्या डोक्यात वळणाचं गणित चालू होतं.

मग आला सोळा मार्चचा मंगळवार. दुपारी दोन तासांची मीटिंग संपवून राजानंद शेडमध्ये गेला, तर लेथवर गॅरेटचा पुढचा पिव्हट सुटा पडलेला. शेजारी बाबा, हातात गोल कानस, आणि खाली फरशीवर पितळेची सोनेरी भुकटी. तीन आठवडे खपून पाच मायक्रॉनमध्ये बसवलेलं ते भोक बाबांनी हाताने कानस मारून मोठं केलं होतं. डोळ्यांच्या अंदाजाने.

‘‘हे काय केलंत?’’

‘‘प्ले दिला.’’

‘‘मला न विचारता?’’

‘‘आठ महिने विचारतोय. वहीत बघ.’’

राजानंदला वाटलं, आपल्या डोक्यातच कुठेतरी झडप उडाली. तो इतका ओरडला की वरच्या खोलीत समताने आपला माइक बंद केला. ‘‘कधी म्हणून काही चांगलं दिसलंय तुम्हाला? आयुष्यभर नुसत्या चुका! मार्कांत चूक, टायमध्ये चूक, लग्नात लाउडस्पीकर खरखरतो म्हणून चूक! आई गेली त्या वर्षीही तुम्ही लिहिलंत की राजा दोन दिवस उशिरा आला. विमान मिळत नव्हतं, बाबा! एक दिवस, एक दिवस तरी काही न लिहिता राहा. मला एक कोरं पान द्या. बाकी काही नको मला तुमच्याकडून.’’

बाबांनी कानस फडक्याने पुसली आणि खुंटीला लावली. भुकटी हाताने गोळा करून डबीत भरली. जाताना ते एवढंच म्हणाले, ‘‘मागचा राहिलाय. तेवढा तू कर.’’

राजानंद दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. वहीत मात्र दोष होतेच, नळ, हीटर, चहा. तिसऱ्या दिवशी त्याने मागचा पिव्हट काढला, कानस घेतली आणि घासायला सुरुवात केली. मोजायचं यंत्र त्याने मुद्दाम कपाटात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो अंदाजाने काम करत होता, आणि त्याला ते अजिबात आवडत नव्हतं. शंभर वेळा घासायचं, लावून बघायचं, हाताने हलवायचं. हलवल्यावर बॉयलर जरासा डुलला तेव्हा तो थांबला.

एकवीस मार्च, रविवार. ऊन पडलं होतं, वारा मात्र बोचरा. बाबांनी भुसावळहून आणलेली कानटोपी घातली आणि बागेतल्या खुर्चीवर बसले. समता खाली आली, अवनीसुद्धा आली आणि फोन खिशात ठेवून उभी राहिली. राजानंदने वाफ धरली आणि रेग्युलेटर उघडला.

पहिलं वळण आलं. पुढचं इंजिन आत वळलं, जरा कललं, खचलेल्या रुळावर खाली बसलं आणि वर आलं. त्याच्यामागून बॉयलर डुलत आला. त्यामागून मागचं इंजिन. गाडी वळण घेऊन वाफ्याच्या पलीकडे गेली. मग दुसरं वळण, आणि ती परत समोर आली. अवनी डचमध्ये काहीतरी ओरडली.

बाबांनी डोळे मिटले होते. ते बघत नव्हते, ऐकत होते. गॅरेटची दोन्ही इंजिनं आपापल्या तालात चालतात. कधी दोघांचे ठोके एकावर एक पडतात तेव्हा एकच मोठा आवाज येतो; मग हळूहळू ते सुटे होतात, मागेपुढे होतात, आणि पुन्हा जुळतात. त्या दीड मीटरच्या यंत्रातूनही ते बारीक आवाजात ऐकू येत होतं. जुळले की बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजे. पाणी संपेपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. बाबांचे गाल ओले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. वारा फार होता, असं नंतर म्हणाले.

राजानंदला वाटलं, झालं. आता उद्या सकाळी.

सोमवारी सकाळी साडेसातला वही उघडी होती. ‘१. मागच्या वाफेच्या जोडाला किंचित गळती. २. शिट्टी बारीक. ३. डावीकडची पायरी वाकडी. ४. फिटर रेग्युलेटर झटक्याने उघडतो. पोलेपोले.’ तारीख, सही. पोलेपोले म्हणजे तिकडच्या भाषेत हळूहळू.

राजानंद वही घेऊन तसाच वर गेला. ‘‘कालसुद्धा, बाबा? काल रडलात तुम्ही.’’

‘‘मग? चालली म्हणून तर लिहिलं.’’

पालथ्या घड्यावर पाणी. तो खाली आला आणि वही आपटून मिटली. त्या आठवड्यात त्याने चारही दोष तसेच राहू दिले. मुद्दाम.

शुक्रवारी स्खिपोल विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. नंदाताई बाबांसाठी मागवलेल्या व्हीलचेअरशेजारी उभ्या होत्या. बाबांनी मास्कच्या वर चष्मा सारखा केला. राजानंद वाकून पाया पडला. त्याला मिठी मारावी की न मारावी हे कळेना, वर्षभर दीड मीटरची सवय. बाबांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि काढून घेतला. ‘‘चल. गाडी लावलीय तिथं दंड होईल.’’

राजानंद दीड तास गाडी चालवून आइंडहोवनला आला. घर अचानक रुंद झालं होतं. समताने चहा ठेवला, त्यात पाणी नेहमीएवढंच. टेबलावर निळी वही होती. आता यात काय लिहून ठेवलं असेल म्हणून त्याने ती उघडली. बॅग जड, नाश्ता थंड, विमानतळाला उशिरा निघालो. त्याला सगळं तोंडपाठ होतं.

‘२६ मार्च २०२१.’ त्याखाली अख्खं पान कोरं. अगदी तळाला सही, व्ही. के. तायडे. ड्रायव्हर हा शब्द नव्हता.

राजानंद पहिल्यांदा हसला. मिळालं एकदाचं, असं काहीसं तो समताला म्हणालासुद्धा. मग त्याला शेडचा उंबरा आठवला. ज्या गाडीवर परत चढायचं नाही. तो खुर्चीत बसला. मागच्या जोडाला गळती होतीच, त्याने ती दुरुस्त केलीच नव्हती. पायरी वाकडी होती, नळ ठिबकत होता, हे त्याला इथूनसुद्धा ऐकू येत होतं. बाबांच्या कानांना ऐकू आलं नसेल? त्याने पान उलटून पाहिलं. मागेही काही नव्हतं. इतकी भीती त्याला या वर्षभरात कुठल्याच आकड्यांनी घातली नव्हती.

दोन दिवस फोन लागला नाही. रविवारी दुपारी लागला. बाबा भुसावळच्या घरी पोचले होते, चौदा दिवस दाराबाहेर पडायचं नव्हतं, पुतण्या डबा उंबऱ्यावर ठेवून जात होता.

‘‘वरण पातळ असतं,’’ बाबा म्हणाले.

‘‘बाबा, तुम्ही पान कोरं सोडलंत.’’

‘‘हो. तुला पाहिजे होतं ना?’’

‘‘मला नकोय.’’ राजानंदचा आवाज चढला. ‘‘ऐकताय का? नकोय मला ते. मागचा जोड गळतोय, शिट्टी अजून तशीच आहे. मी काहीही केलेलं नाही. असं इंजिन सोडून कोणी सही करतं का? कसले ड्रायव्हर तुम्ही?’’

पलीकडून पंख्याचा आवाज आला आणि बाबांच्या घसा खाकरण्याचा. राजानंदचं लक्ष त्या खाकरण्यावरच अडकलं.

‘‘वही आहे का समोर?’’

‘‘आहे.’’

‘‘पेन्सिल घे. पेन नको. आजची तारीख घाल.’’ बाबा थांबले. ‘‘लिही. एक : मागचा जोड. दोन : शिट्टी. तीन : पायरी. चार : नळ, वर्ष झालं त्या नळाला. पाच : फिटर बापावर ओरडतो. लिहिलं?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘सहा : बाप त्याच लायकीचा आहे. तेही लिही. सात…’’

राजानंद लिहीत गेला. समता दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. अकराव्या दोषानंतर बाबा म्हणाले, ‘‘बाकीचे आल्यावर बघतो,’’ आणि त्यांना धाप लागलीय असं वाटून राजानंदनेच त्यांना फोन ठेवायला सांगितलं. पान भरत आलं होतं. तळाला सहीपुरती जागा त्याने मोकळी सोडली.